भिंगरीच्या दोनशे बारा ओळी

६ जानेवारी

कंपनीच्या प्रमुख संशोधक बाईंना,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो नाही, मुद्दामच लिहिला नाही.

कागदावर लिहितोय, कारण तुमच्या वकिलानं मला लेखी दम दिलाय. मुंगीशी संबंध असलेल्या कुणीही कंपनीच्या माणसांना ईमेल करायचं नाही म्हणे. टपालाबद्दल त्यात चकार शब्द नाही. आणि मामानं भाचीला पत्र लिहू नये असा कायदा अजून झालेला नाही. झालाच तर त्याचंही पेटंट तुम्हीच घ्याल.

काल पंपवाल्या बाई आल्या होत्या. तू त्यांना ओळखत नाहीस. अकरा माणसांचं वर्कशॉप आहे त्यांचं. सलाईन मोजून सोडणारे पंप बनवतात, छोट्या दवाखान्यांना परवडतील असे. परवडतात, कारण आतली ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आहे. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, वापरावी. ती म्हणजे आपली मुंगी. चुकलो, माझी मुंगी. तू तिच्यातून कधीच अंग काढून घेतलंस.

बाईंच्या हातात तुमची नोटीस होती. वीज गेली तरी किती औषध दिलं तो शेवटचा आकडा पंपाच्या लक्षात राहतो, ती युक्ती म्हणे कंपनीच्या पेटंटची आहे. दर पंपामागे रॉयल्टी भरा, आजवर विकलेल्या सगळ्या पंपांचीही भरा, नाहीतर बनवणं बंद करा. बाई रडल्या-बिडल्या नाहीत. खुर्चीत ताठ बसून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणाला होतात ना, मुंगी सगळ्यांची आहे, कुणी काही मागायला येणार नाही? तुमच्या शब्दावर अकरा घरं चालवतेय मी." मी चहा विचारला. नको म्हणाल्या.

नोटिशीच्या मागच्या पानावर शोध लावणाऱ्याचं नाव होतं. तुझं. चष्मा पुसून परत वाचलं.

भिंगरे, पाचवीत होतीस तेव्हापासून मागच्या खोलीत माझ्या शेजारी स्टुलावर बसून तू हे शिकलीस. पाय जमिनीला टेकत नव्हते तुझे. आणि आता खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? नुसते मोजून भागलं नाही, त्यांच्यावर भाडंही लावलंस!

एक ध्यानात ठेव. ही युक्ती मुंगीची आहे आणि मुंगीचं काम पहिल्या दिवसापासून उघड्यावर चालतं. जो बदल सुचवायचा तो ईमेलनं यादीवर, म्हणजे मुंगीवर काम करणाऱ्या सगळ्यांना एकदम, पाठवायचा, यादीवरच्या सगळ्यांनी वाचायचा, मी तपासायचा, आणि एकूणएक ईमेल जपून ठेवायचं. वीस वर्षांचं दप्तर माझ्या खाटेखालच्या सर्व्हरवर आहे. बाईंच्या वकिलानं मला सांगितलंय, पेटंटचा अर्ज करायच्या एक दिवस आधी जरी ती गोष्ट जगासमोर आली असेल, तर पेटंट टिकत नाही. आता मी दप्तर उघडतो, मग बघू कुणाच्या झाकल्या मुठीत काय आहे.

मुकादम

(यादीवरची माणसं मला मुकादम म्हणतात हे तू विसरली असशील, म्हणून आठवण.)


२९ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. अडीच ओळी. जन्मभर "अरे मामा" करत माझ्या खांद्यावर चढलेली पोरगी मला "आपण" म्हणते! "आपण दप्तर अवश्य उघडावे. आठ वर्षांपूर्वीचा मार्च महिना आधी पाहावा." वकिलाकडून लिहून घेतलंस, की अक्कल स्वतःचीच?

पाहिला मार्च. दप्तरात भोक आहे. ज्यात ही युक्ती पहिल्यांदा यादीवर आली ते १४ मार्चचं ईमेल नाही, त्याला आलेली उत्तरंही नाहीत. त्या वर्षी सर्व्हरची डिस्क बसली होती, त्यात गेली असणार. जुनं यंत्र, व्हायचंच. एवढ्यावरून नाचू नकोस.

त्या वेळी यादीवर तेवीस माणसं होती. सगळी शोधून काढली. दोघं वारले. बाकीच्यांचे जुने पत्ते बंद पडले आणि पत्त्यांबरोबर ईमेलंही गेली. एक गृहस्थ मात्र माझ्यासारखाच खवट निघाला. त्यानं आलेल्या प्रत्येक ईमेलचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवली आहे. १४ मार्च, दुपारी चार वाजून सात मिनिटं, पाठवणारा मुकादम. आत काय होतं ते त्याच्याकडे नाही. म्हणजे पाकीट सापडलं, पत्र नाही. बाईंचा वकील म्हणतो, कुणाकडे मूळ ईमेल सापडलं आणि हा क्रमांक जुळला, तर काम फत्ते.

तुमच्या वकिलाचं उत्तरही वाचलं. कंपनीचा अर्ज त्या वर्षीच्या सप्टेंबरचा, मुंगीत ती युक्ती आली पुढच्या जानेवारीत, तेव्हा मुंगीनंच कंपनीची चोरली! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. जानेवारीचा तो बदल माझ्या नावावर आहे. माझ्या! मी चोर होय?

परवा बाईंच्या वर्कशॉपात गेलो होतो. लांब टेबलावर चाळीस पंप ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली एक बाटली, दिवसभर थेंब मोजत असतात. एक माणूस मधूनच मेन स्विच पाडतो. सगळे गप्प. स्विच वर केला की चाळीसच्या चाळीस पंप जिथे थांबले होते तिथूनच पुढे मोजायला लागतात. मी विचारलं, ही युक्ती काढून टाकली तर? बाई म्हणाल्या, "पंप विसरेल आणि दिलेलं औषध परत देईल. असला पंप मी विकणार नाही. त्यापेक्षा वर्कशॉपला कुलूप लावीन."

सुनावणी एप्रिलात आहे. तोवर नवीन पंप बाहेर काढायला मनाई. तुला बरं वाटावं म्हणून कळवतोय.

मुकादम


१७ फेब्रुवारी

भिंगरे,

काल तुझी आई आली होती. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे तुला लिहिलं तेवढं. हातातली पिशवी खाली न ठेवताच ती म्हणाली, "डिस्क बसली होय? दादा, खोटं बोलायचंच तर मला माहीत नसलेलं तरी बोल."

तर, डिस्क बसली नव्हती. ते ईमेल मी माझ्या हातानं पुसलं.

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण मी कधी तोंडानं कबूल केलेलं नाही, आणि आता सुनावणीत करावं लागेल असं दिसतंय, म्हणून आधी इथे लिहून बघतो.

युक्ती तुझी होती. वीज जाताना यंत्रात क्षणभराचा दम उरतो, तेवढ्यात शेवटचा आकडा दोन जागी आळीपाळीनं लिहायचा. एक अर्धवट राहिला तरी दुसरा शाबूत. दोनशे बारा ओळींचा कोड. बाकीच्यांनी थेट यादीवर पाठवायचं, तू मात्र आधी मला एकट्याला दाखवायचं, हा खास तुझ्यासाठी केलेला नियम. सहा वेळा दाखवलास, सहाही वेळा मी परत केला. ओळ ऐंशी अक्षरांहून लांब झाली. खुलाशाचं टिपण पूर्ण वाक्यात नाही. रिकाम्या जागा चुकल्या. मुंगीत नियम सगळ्यांना सारखे, असं मी छाती काढून सांगायचो. सारखे नव्हते. दुसऱ्यांच्या लांब ओळी मी गपचूप नीट करून आत घ्यायचो. मामाची भाची म्हणून आत आली असं कुणी म्हणू नये, म्हणून तुलाच कडक.

मग तू वैतागून यादीवर, सगळ्यांसमोर लिहिलंस, "मामा, काम चालतंय की नाही ते सांग ना, अक्षरं काय मोजत बसतोस?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. १४ मार्चला मी उत्तर दिलं. तुझ्या दोनशे बारा ओळी यादीवर उतरवल्या, जागोजागी खाली माझे टोमणे. नऊ जणांनी हसून दाद दिली. त्यानंतर यादीवर तुझं एक अक्षर आलं नाही.

त्याच वर्षी एप्रिलात तुझी आई आली. पोरगी मुलाखतींना जातेय, इंटरनेटवर तिचं नाव शोधलं की पहिलं तेच ईमेल दिसतं, पूस ते, म्हणाली. वीस वर्षांत दप्तराला मी असा हात एकदाच लावला. बहिणीच्या शब्दाखातर लावला असं स्वतःला सांगितलं. त्यात माझीही लाज झाकली गेली, हे कुणाला सांगितलं नाही.

आणि पुढच्या जानेवारीत एका दवाखान्यातून तक्रार आली, वीज गेल्यावर यंत्र आकडा विसरलं म्हणून. मी तुझ्याच ओळी काढल्या, ऐंशी अक्षरांत बसवल्या आणि त्याखाली माझं नाव घातलं.

म्हणजे चोरी झाली होतीच. चोर कोण, ते तुझी आई जिना उतरता उतरता सांगून गेली. शेजाऱ्यांनीही ऐकलं.

पण यानं तुझी कंपनी साव ठरत नाही, सांगून ठेवतो. राग माझ्यावर होता तर येऊन माझ्या थोबाडीत मारायची होतीस. अकरा घरांच्या तोंडचा घास काढायला मी सांगितलं नव्हतं.

मुकादम


३ मार्च

भिंगरे,

तुझ्याकडे ते ईमेल आहे. तुझी आई म्हणते, छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंयस. दोन घरं बदललीस, तरी प्रत्येक वेळी काढून परत चिकटवलंस. मूळ ईमेलही क्रमांकासकट जपलंयस.

ते दे.

तुझ्या पेटंटचा गळा कापायची सुरी मी तुझ्याचकडे मागतोय, हे कळतंय मला. लाज वाटते. तरी मागतोय. बाईंची तीन माणसं काल काम सोडून गेली.


१२ मार्च

भिंगरे,

अट वाचली. "ईमेल मी देईन. पण सुनावणीत ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, टोमण्यांसकट, मोठ्यांदा वाचायचे. वकिलाने नाही. आपण स्वतः."

वा गं वा! आपलेच दात आणि आपलेच ओठ. सूड घ्यावा तर तुझ्यासारखा, एक अक्षर इकडेतिकडे नाही. ही शिस्त कुणाकडून उचललीस ते विचारत नाही.

त्याखाली तू आणखी लिहिलंयस. अर्ज करताना कंपनीच्या वकिलांनी विचारलं होतं, हे आधी कुठे दाखवलंय का. तू म्हणालीस, एकदा दाखवलं, पण कुणाला कळलंच नाही. ते म्हणाले, मग ते दाखवल्यात जमा नाही. आणि तू मला विचारतेस, "कुणाला कळले असते तर असले उत्तर आले असते का?"

यावर आज काही लिहीत नाही.

वाचतो. पाठव.

मुकादम


२१ एप्रिल

भिंगरे,

तू मागच्या रांगेत होतीस, तुला माझी पाठ तेवढी दिसली असेल. म्हणून समोरून कसं होतं ते लिहितो.

माईक बंद होता. सुनावणी अधिकारी बाई म्हणाल्या, आजोबा, जरा मोठ्यांदा वाचा. क्रमांक जुळला होता, वेळ जुळली होती, आता फक्त वाचायचं. सतराव्या ओळीखाली मी लिहिलं होतं, "या टिपणातलं क्रियापद हरवलं आहे, सापडल्यास कळवावे." दोघंतिघं हसले. एकेचाळिसाव्या ओळीखाली, "ही ओळ संपेपर्यंत माझा चहा गार झाला." तेव्हा अधिकारी बाईसुद्धा हसल्या. मला तेव्हा, खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. एवढा मी नालायक.

नव्वदीच्या पुढे कुणी हसेना. अधिकारी बाईंनी पाणी पुढे सरकवलं, मी घेतलं नाही, कारण थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. एक तास दहा मिनिटं. शेवटचं माझं वाक्य मी विसरलो होतो गं. "भाची आहेस म्हणून शेवटपर्यंत वाचलं. दुसरं कुणी असतं तर पहिल्याच ओळीला बाहेर काढलं असतं. हे काम तुझ्याच्यानं होणार नाही." ते वाचताना पंपवाल्या बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. छताकडे बघत होत्या.

मग तुमचा वकील उठला. आवाज किती मऊ त्याचा! म्हणाला, "ज्यांच्यासमोर ठेवलं त्यांनाच कळलं नसेल, तर ते जगासमोर आलं असं म्हणता येत नाही. यादीवर सगळ्यांत जाणकार आपण. शपथेवर सांगा, हा कोड आपल्याला त्या दिवशी कळला होता का?"

मला पळवाट दिसत होती. नाही म्हटलं असतं तर मी एक मूर्ख म्हातारा ठरलो असतो, बस्स. मूर्ख म्हाताऱ्याला कुणी शिव्या देत नाही. तुझं पेटंट टिकलं असतं. बाईंचं कुलूप तेवढं लागलं असतं.

मी म्हटलं, कळला होता.

"केव्हा?"

"तिनं पहिल्यांदा दाखवला तेव्हाच. पहिल्याच वाचनात."

"मग सहा वेळा परत का केलात?"

ऐंशी अक्षरं, असं तोंडापर्यंत आलं होतं. आठ वर्षं तेच सांगत आलोय, जिभेला सवय झालीय. पण मी म्हटलं, "मी तीन वर्षं त्याच गोष्टीवर डोकं फोडत होतो. तिनं आठ दिवसांत सोडवली. एकवीस वर्षांची होती ती. मला ते सहन झालं नाही."

टाईप करणारा कारकून थांबला. त्यानं मान वर करून विचारलं, "सहन झालं नाही, असंच लिहू?"

"असंच लिहा," मी म्हटलं.

तुझी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

बाहेर, पाण्याच्या कूलरपाशी तू जे बोललीस ते मी घरी येऊन लिहून ठेवलं, चुकायला नको म्हणून. "आठ वर्षं मी समजत होते, तुला कळलंच नाही. ते बरं होतं रे, मामा. मूर्ख मामा मला चालला असता." आणि जिना उतरून गेलीस.

साडेतीन महिन्यांनी मला "तू" म्हणालीस, ते हे म्हणायला.

जिन्यात मागून पंपवाल्या बाई आल्या. आभार-बिभार काही नाही. म्हणाल्या, "मुंगीत अजून कुणाकुणाचं नाव पुसलंय तुम्ही, ते एकदा बघून घ्या." मी रात्रंदिवस तेच करतोय सध्या. अजून तरी दुसरं सापडलेलं नाही. फक्त तुझंच.


९ जून

भिंगरे,

वर आशीर्वाद याही वेळी नाही. पहिल्यांदा मला द्यायचा नव्हता. आता तू घेशील याची खात्री नाही.

निकाल तुला कळला असेलच. पेटंट रद्द. नोटीस मागे घेतली. बाईंचे पंप परत बाहेर पडायला लागले. गेलेल्या तिघांपैकी दोघं परत आलेत. तुझी नोकरी गेली हे तुझ्या आईनं सांगितलं, आणि वर म्हणाली, दादा, तू काही बोलू नकोस. म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

१४ मार्चचं ईमेल दप्तरात जिथल्या तिथे परत लावलं आहे, टोमण्यांसकट. मुंगीतल्या त्या कोडखालचं माझं नाव काढलं आणि तुझं घातलं, तू मला पहिल्यांदा दाखवलास त्या तारखेनं. यादीवर सगळ्यांना कळवलं की मुकादमानं चोरलं होतं. अर्ध्यांनी उत्तर दिलं नाही. त्या वेळी हसलेल्या नऊ जणांपैकी एकानं लिहिलं, "मीही हसलो होतो." बाकीच्यांचं मला माहीत नाही.

आणि काल दुपारी यादीवर तुझं ईमेल आलं. आठ वर्षांनी. ना मायना, ना नमस्कार. "ओळ ४१. उतरवणाऱ्याने ऐंशीत बसवण्यासाठी एक तपासणी गाळली आहे. एकाच क्षणात वीज दोनदा गेली तर आकडा हरवेल. दुरुस्ती सोबत."

पहिल्यांदा राग आला. आला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, सात वर्षं हजारो पंप चालतायत आणि ही आली चूक दाखवायला. मग उठून बाईंच्या वर्कशॉपात गेलो. स्विचवाल्या माणसाला सांगितलं, लागोपाठ दोनदा पाड. त्यानं पाडला. चाळिसातले तीन पंप विसरले. शून्यापासून मोजायला लागले. बाईंनी त्या तिन्ही पंपांवर खडूनं फुल्या मारल्या. आजवर असं कुठे झाल्याची तक्रार नाही, पण तक्रार करायला माणूस उरावा लागतो, हेही त्याच म्हणाल्या.

चहा गार झाला म्हणून मी जिला हसलो होतो तीच ती ओळ. लांब होती, कारण तिच्यात ती तपासणी होती.

तुझी दुरुस्ती घालून परत पाडायला लावला, दोनदा, तीनदा, दहादा. चाळीसच्या चाळीस शहाण्यासारखे पुढे मोजत राहिले. आज सकाळपासून बाई विकलेल्या पंपांची यादी घेऊन एकेका दवाखान्याला फोन करतायत. शेजारच्या फोनवर मी बसलोय. चूक कुणाची असं विचारलं की माझं नाव सांगतो.

तुझी नवी ओळ त्र्याऐंशी अक्षरांची आहे. मोजली, सवय जात नाही.

घेतली.

मामा